वरच्या खाचराची पाळी आणि उरुग्वे

राबावर, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यावर, हिरवी लव दिसायला लागली की मला उरुग्वे आठवतो. हसा खुशाल, माझी बायको तर वर्षभर हसतेय. या दिवसांत कुणाला गरम भजी आठवतात, कुणाला जुनी प्रेमं आठवतात. मला आठवतो पृथ्वीच्या पार पलीकडचा एक चिमुकला देश आणि त्याचे आकाशी कपड्यांतले अकरा जण. यंदा पाऊस फार रेंगाळला. धूळवाफेत, कोरड्या मातीतच पेरलेलं बी पावसाची वाट बघत पडलं होतं. आत्ता कुठे चार दिवस झाले, कोंब वर आलेत, आणि इकडे उरुग्वे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल स्पर्धेत आपल्या गटात पहिला आलाय. दोन्ही बातम्या मला एकाच सकाळी मिळाल्या. मी राबाच्या कडेला उभा राहून मोबाइलवर निकाल वाचला आणि एकटाच मोठ्यानं ओरडलो. झाडावरचे बगळे उडाले.

मी तलासरीकडच्या एका डोंगरातल्या शाळेत मास्तर आहे. घर आशागडच्या बाजूला, चार घरांच्या पाड्यात. रोज मोटरसायकलवरून जायचं, यायचं, आणि उरलेल्या वेळात शेती. शेती म्हणजे खरं तर बायकोची शेती. सुनीता ठरवते, मी हो म्हणतो. निदान मागच्या वर्षापर्यंत माझा असाच समज होता.

उरुग्वे माझ्या डोक्यात शिरला तो शाळेच्या भिंतीवरच्या नकाशातून. ब्राझील दाखवायला पूर्ण पंजा लागतो. अर्जेंटिनाला वरून खाली हात फिरवावा लागतो. आणि दोघांच्या मधे उरुग्वे, एका बोटाच्या पेराखाली झाकला जातो. मी वर्गात सांगायचो, ‘पोरांनो, आपल्या पालघर जिल्ह्यात जितकी माणसं राहतात ना, त्याहून थोडीच जास्त त्या देशात आहेत. आणि त्यांनी दोनदा जग जिंकलंय.’ पोरं नकाशाकडे बघायची, मग माझ्याकडे. एक मुलगी म्हणाली होती, ‘गुरुजी, म्हणजे आपण पण जिंकू शकतो?’ मी म्हणालो, अर्थात! तेव्हापासून त्या संघाबद्दल कुणी वावगं बोललं की माझं टाळकं सटकतं. माझा स्वभावच तसा आहे. लहानाची बाजू घ्यायची आणि मग आवाज चढवायचा.

२०१४ साली वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये झाला तेव्हा सामने आपल्याकडे आडवेळी. आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत कंबर मोडून आलेली माणसं कशाला जागतील? पण मागच्या वर्षी, २०१८ ला, कप रशियात, आणि बरेचसे सामने आपल्या संध्याकाळी. शेतातून या, पाय धुवा, चहा घ्या आणि बसा. वसंताच्या घरी डिश होती. त्याची ओटी म्हणजे आमचं स्टेडियम. वसंता ब्राझीलचा. त्याचा शेजारी काशिनाथ अर्जेंटिनाचा. मी उरुग्वेचा, एकटा. डहाणू रोडच्या बाजारात मी उरुग्वेचा टी-शर्ट मागितला तर दुकानदार म्हणाला, ‘ए तो कोई मागतुं नथी, मास्तर. पिवळी घ्या ना, पिवळी फार चालते.’ शेवटी त्यानं फळीवरून कुठल्याशा शाळेच्या क्रीडादिनाचा उरलेला आकाशी टी-शर्ट काढून दिला. पाठीवर ‘स्वयंसेवक’ लिहिलेलं होतं. मी तो ताठ मानेनं घातला.

पहिला सामना इजिप्तशी होता. काय सांगू, तास उलटून गेला तरी काही घडेना. चेंडू इकडे, चेंडू तिकडे. वसंताला नुसता चेव आला होता.

‘मास्तर, तुझी उरुग्वेची टीम सामना खेळतेय की परीक्षेला सुपरव्हिजन करतेय?’

‘थांब जरा.’

‘थांबलोय की. मगाशी चहा प्यायलो, आता जेवायची वेळ होईल. एका पेराएवढा देश, तो काय करणार? पहिल्या फेरीत गाशा गुंडाळेल.’

मला राग आला. खरा राग. आणि रागात मी जे बोललो ते आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. मी म्हणालो, ‘लिहून ठेव वसंता. उरुग्वे शेवटच्या चार संघांत जाणार. नाही गेली तर यंदाच्या सावडीत माझी पाळी सगळ्यांत शेवटी.’

काशिनाथनं टीव्हीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. आता हे बाहेरच्या माणसाला नीट कळायला हवं. आमच्याकडे आवणी सावडीनं होते. राबात वाढवलेली भाताची रोपं, म्हणजे आवण, उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची. एका घराच्यानं हे होत नाही. म्हणून चारही घरं मिळून आज एकाच्या शेतात, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. पाळी ठरलेली. पहिली पाळी आमची, माझ्या आजोबांच्या वेळेपासून, कारण आमचं खाचर सगळ्यांत वर, उतारावर. तिथे पाणी थांबत नाही. पाऊस जोरात आहे तोवर लावलं तर लावलं. शेवटची पाळी म्हणजे आठ-दहा दिवस उशीर. तेवढ्यात राबातलं आवण म्हातारं होतं, लावलं तरी फुटवा धरत नाही. आणि त्या खाचरात सुनीता हळवं भात लावते, जे दसऱ्याला हाताशी येतं. दसऱ्यापासून पुढचे दोन महिने आमच्या घरात जो भात शिजतो तो तिथला.

थोडक्यात, मी घरातलं जेवण उरुग्वेवर लावलं होतं. आणि जिच्या हातचं ते जेवण, तिला विचारलं नव्हतं.

काशिनाथ म्हणाला, ‘अरे मास्तर, वरचं खाचर आहे ते. शब्द मागे घे.’

‘दिला तो दिला,’ मी म्हणालो. मास्तरकी डोक्यात गेली की असं होतं.

वसंता पण काही कमी नाही. तो म्हणाला, ‘बरं. गेली शेवटच्या चारांत, तर माझा पॉवर टिलर दोन दिवस तुझ्या शेतात, चिखलणीला. फुकट. परतफेड नको.’

आणि ऐका, यानंतर पाचच मिनिटांत, सामना संपता संपता, उरुग्वेच्या एका बचावपटूनं उंच उडी मारून डोक्यानं गोल केला! मी ओटीवरून अंगणात उडी मारली. घसरलो. स्वयंसेवक चिखलात बसला आणि तिथूनच ओरडत राहिला. आतल्या दारात जयू, म्हणजे वसंताची बायको, आणि सुनीता तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या माझ्या पडण्याला हसतायत असं मला वाटलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी ज्या भरवशात जगलो तसा भरवसा मला नंतर पुन्हा कधी मिळाला नाही. सकाळी शाळेला निघताना राबाकडे बघायचं, आवण आणखी बोटभर वाढलेलं असायचं, हिरवंगार, एकसारखं. संध्याकाळी उरुग्वे. दुसरा सामना एक-शून्य. तिसऱ्यात यजमान रशियाला तीन-शून्य! तोवर उरुग्वेवर एकही गोल झाला नव्हता. बांधावरून चालताना माझी छाती इतकी पुढे असायची की पाटलाला जागा द्यावी तशी माणसं बाजूला व्हायची. वाणगावच्या बाजारात मिरची घेतानासुद्धा मी भाजीवाल्याला त्यांचा बचाव समजावून सांगितला. तो बिचारा म्हणाला, ‘बरोबर आहे, गुरुजी, आणखी काय देऊ?’

एक गंमत त्याच दिवसांत झाली. सुनीता सामने बघायला लागली. आधी दारात उभी राहून, मग उंबऱ्यावर बसून, मग सरळ पुढे, माझ्या शेजारी, तांदूळ निवडायचं सूप घेऊन. तिला चेंडूत रस नव्हता. ती मागच्या माणसांकडे बघायची. ‘ते दोघं बघ,’ ती म्हणायची, ‘चेंडू कुठे का जाईना, ते आपली जागा सोडत नाय. ओळ धरून आहेत.’ आवणीत ती ओळीच्या टोकाला असते, तिच्या हातावर बाकीच्या बायकांची ओळ सरळ राहते, म्हणून तिला ते दिसलं असावं. मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. मी पुढे गोल करणाऱ्या दोघांवरच लट्टू.

त्या पुढच्या दोघांनीच पोर्तुगालला घरी पाठवलं. तो सामना उशिराचा होता, मी झोपून गेलो. रविवारी सकाळी वसंताकडे पुन्हा दाखवत होते तेव्हा आम्ही पाहिला. दोन्ही गोल एकाचेच. काय ते गोल! पण दुसऱ्या गोलनंतर थोड्या वेळानं तो पोटरी धरून खाली बसला आणि लंगडत बाहेर गेला. मी तिकडे लक्षच दिलं नाही. आता फक्त एक सामना जिंकायचा, की शेवटचे चार! मी वसंताला म्हणालो, ‘टिलरमध्ये डिझेल भरून ठेव.’

सुनीता सूप हलवायची थांबली होती. ‘त्याची पोटरी बरी होईल का पाच दिवसांत?’

‘होईल की. मोठे डॉक्टर असतात त्यांचे.’

‘नाय झाली तर? एकच बैल राहतो जुंपायला.’

‘तू नको काळजी करू,’ मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मला वाटलं उरुग्वेची काळजी करतेय. मी किती मूर्ख असू शकतो याचा अंदाज घेत होती ती.

फ्रान्सशी सामना शुक्रवारी संध्याकाळी. पोटरीवाला बाकावर. मी तरीही निर्धास्त होतो, शपथेवर सांगतो. पहिला गोल खाल्ला तेव्हाही. दुसरा गोल मात्र गोलकीपरच्या हातांतून निसटून गेला, एरवी तो चेंडू त्यानं डोळे मिटून धरला असता. मग मला कळलं. आणि सामना संपायला काही मिनिटं उरली असताना तो इजिप्तवर गोल केलेला बचावपटू, फ्री किकच्या भिंतीत उभा, रडत होता. सामना चालू, शेवटची शिट्टी व्हायची बाकी, आणि माणूस ढसाढसा रडतोय.

सुनीता हळूच म्हणाली, ‘रडतोय. पण भिंत सोडली नाय.’

सामना संपला, सुनीता सूप घेऊन घरी गेली. वसंता चिडवेल असं वाटलं होतं. उलट तो म्हणाला, ‘जाऊ दे मास्तर, ते पाळीचं...’ पण माझाच ताठा. मी म्हणालो, ‘शब्द म्हणजे शब्द. रविवारी तुझ्या शेतापासून सुरुवात.’ त्याच दिवशी पुढे त्याचा ब्राझीलही हरला, पण मला त्याचं सुख वाटायचं त्राण नव्हतं.

शनिवारी मी शाळेत गेलो, शिकवलं काय ते आठवत नाही. घरी आल्यावर सुनीताला सांगायचं ठरवलं होतं. ती आवणाकडे बघून आली, म्हणाली, ‘तयार झालं. आता एक दिवस पण थांबायला नको.’ मी जेवायला बसलो होतो. मी पुढचा घास घेतला आणि सांगायचं टाळलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वर्गात पोरांना सांगायचं, खरं बोला, धीट व्हा. आणि स्वतः ताटात बोटं फिरवत बसायचं.

रविवारी सकाळी उठलो तर घरात कुणी नाही. सुनीताला जयूकडून कळलं असेल आणि ती लवकर वसंताच्या शेतावर गेली असेल, असं समजून मीही खालच्या शेतावर पोचलो. पाऊस धो धो. बांधावर वसंता आणि काशिनाथ, एका छत्रीत दोघे. शेत मोकळं.

‘बायका कुठेत?’

वसंतानं हनुवटीनं वर उताराकडे दाखवलं. त्याचा चेहरा माझ्याइतकाच पडला होता. काशिनाथ छत्रीच्या दांड्याकडे बघत म्हणाला, ‘काल तू शाळेत गेलास ना, तेव्हा मीच माझे बैल घेऊन वर गेलो. चिखलणी करून आलो. बायकोनं सांगितलं, जा. गेलो.’

‘आणि तू मला सांगितलं नाहीस?’

‘तू तरी कुठे कुणाला सांगितलंस?’

मी चढ चढून वर गेलो. आमच्या खाचरात चारही घरच्या बायका ओळीत वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिकचे कागद, टोकाला सुनीता. राब अर्धा रिकामा झाला होता, जुड्या बांधून बांधावर ठेवल्या होत्या. अर्धं खाचर हिरवं झालेलं. मला बघून जयू ओरडली, ‘आले बघा उरुग्वेवाले!’ आणि सगळ्या खदाखदा हसल्या. पाळी पुरुषांनी ओटीवर बसून लावली होती, पण वाकणाऱ्या कमरा त्यांच्या होत्या. त्यांनी आपसांत ठरवलं आणि वर आल्या, एवढंच झालं होतं. यात भांडणाला जागाच नव्हती.

मी चिखलात उतरून सुनीतापाशी गेलो. ‘कुणी सांगितलं तुला?’

‘जयूनं. पहिल्याच दिवशी. तू अंगणात पडलास तेव्हा.’

‘तीन आठवडे तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?’

‘तू बोलशील म्हणून थांबले.’ तिचे हात थांबले नव्हते. ‘रोज वाटायचं, आज बोलेल. जिंकली की वाटायचं, आता तरी बोलेल.’

मी बांधावरची एक जुडी उचलून तिच्या हाताशी ठेवली.

‘मला विचारलं असतंस ना,’ ती म्हणाली, ‘तर मीच म्हटलं असतं, लाव. मला पण त्यांचा भरवसा होता. आणि त्याची पोटरी गेली त्या दिवशी म्हटलं असतं, आता मागे घे. पण तू विचारलंच नायस. मग मी सांगू कुणाला? म्हणून गेले जयूकडे.’

डोळ्यांतून पाणी आलं. पाऊस होता म्हणून कुणाला दिसलं नाही, असं मी धरून चालतो. मी म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, चुकलंच. मग तिनं बाजूला सरकून मला ओळीत जागा दिली. आमच्याकडे पुरुष चिखलणी करतात, जुड्या वाहतात. लावायला वाकत नाहीत. त्या दिवशी मी वाकलो. माझी ओळ अशी काही वाकडी गेली की जयूनं ती उपटून पुन्हा लावली. दुपारपर्यंत पाठीचा पार चुरा झाला. पण खाचर पुरं झालं, आणि दसऱ्याला त्यातलं भात आलं, भरघोस आलं. पहिला घास खाताना मी सुनीताकडे बघितलं नाही, ताटाकडेच बघितलं.

तेव्हापासून आमच्या पाड्यात एक रीत पडली आहे. सावडीतल्या पाळीवर ओटीवरचा कुठलाही शब्द चालत नाही. घरातल्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तरच चालतो. वसंता याला कायदा म्हणतो आणि मुकाट पाळतो.

आणि यंदा पुन्हा उरुग्वे. मी तुम्हाला सांगतो, हा संघ मागच्या वर्षीपेक्षा पक्का आहे. पहिल्याच सामन्यात चार गोल. पुढचे दोघेही धडधाकट. म्हातारे प्रशिक्षक काठीवर भार देऊन बाजूला उभे असतात, पण त्यांची नजर शाबूत आहे. परवा गाठ पेरूशी, तो सामना जिंकला की शेवटचे चार, आणि पेरू नुकताच ब्राझीलकडून पाच गोल खाऊन आलाय. यात घाबरण्यासारखं काय आहे? वसंतानं काल पुन्हा डिवचलं. म्हणाला, ‘टिलर उभा आहे, मास्तर. दोन दिवस, तीच अट.’ माझ्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. मी तो गिळला, चहा अर्धा टाकून उठलो आणि घरी आलो.

सुनीता राबातलं गवत काढत होती. मी कडेला उकिडवा बसलो. गेल्या वर्षीचं सगळं मनात होतं, आवाज काही केल्या चढत नव्हता.

‘सुनीता,’ मी म्हणालो, ‘उरुग्वे शेवटच्या चारांत जाईल असं मला वाटतं. वरच्या खाचराची पाळी पणाला लावू का?’

तिनं हातातलं गवत बांधावर टाकलं. आभाळाकडे बघितलं, मग कोंबांकडे, आवण किती दिवसांनी तयार होईल याचा हिशेब केला असणार. आज आणि उद्यापुरतं नाही, पार दसऱ्यापर्यंतचं तिनं मोजलं. इतका वेळ गप्प बसायची मला सवय नाही.

‘मागचे ते दोघं आहेत का तेच?’ तिनं विचारलं.

‘तेच आहेत.’

ती उभी राहिली, हात पदराला पुसले आणि तीन बांध ओलांडून ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, ‘जयू! वसंताला सांग, टिलरमध्ये डिझेल भर. आमची पाळी लावली!’